मायराआजी

बेहाला, कोलकाता

ती. शकुनताईस विहंगचा नमस्कार.

फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितोय. बाळाचं वजन चाळीस ग्रॅमने वाढलं. सुरुची नीट जेवते. आईला एवढंच सांग. काचेची पेटी अजून सुटली नाही, हे नको.

बारसं राहिलंय, म्हणून पेटीवर फक्त ‘सुरुचीचं बाळ’ लिहिलंय. नर्स लाडाने ‘मामोनी’ म्हणतात.

आत्या म्हणून तू ‘मायरा’ सुचवलंस, तेव्हा मी खेकसलो होतो, “हल्लीची फॅशन! ऐंशीव्या वर्षी मायराआजी शोभेल का?”

काल काचेपाशी उभं राहून हळूच तशी हाक मारून बघितली. छान वाटली गं.

तुझा गुडघा कसा आहे? झेपेल तर लवकर ये. तेच नाव तिच्या कानात सांग.

तिला खरंच कुणीतरी मायराआजी म्हणावं, एवढंच हवंय.

तुझा,
विहंग