तीन आकडा

अप्पा, आपल्या पेणकरपाड्याच्या बिल्डिंगमध्ये गेटजवळ गाडी लावायची एक जागा रिकामी झाली आणि मागणारी घरं निघाली सहा. आईचे गुडघे आता जिना उतरेपर्यंतच साथ देतात, त्यामुळे मला ती जागा हवीच होती. चिठ्ठ्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. मीच म्हटलं, इलेक्ट्रॉनिक फासा बनवते. छोटासा बोर्ड, सात दिवे, एक बटण. प्रोग्रॅम लिहायला एक दुपार पुरली. मीटिंगमध्ये प्रत्येकाने आपापला आकडा निवडला, मी तीन घेतला. सेक्रेटरींनी वायर जोडून बटण दाबलं. तीन दिवे लागले.

मग समोरच्या भाभी म्हणाल्या, "मशीन भी आपकी, नंबर भी आपका." मला संताप आला, आणि तुम्ही आठवलात. कारखान्यात स्टीलचे डबे तपासायचात आणि घरीही प्रत्येक वस्तू उलटी करून बघायचात. मी नऊ वर्षांची आहे, लुडोत मला सारखे सहा पडतायत, आणि तुम्ही फासा मिठाच्या पाण्यात टाकून पुन्हा पुन्हा ढवळताय, एकच बाजू सारखी वर येते का ते बघताय. "काय केलंस याला?" मी स्वयंपाकघराच्या दारात रडतेय. काहीच केलं नव्हतं, अप्पा. तुम्ही फासा पुसून परत दिलात.

मीटिंगहून घरी आले आणि बोर्ड बंद करून चालू केला. तीन. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीन. दहा वेळा केलं, पहिला आकडा दर वेळी तीनच. दर खेपेला वेगळीकडून सुरुवात कर, असं बोर्डाला सांगणारी एक ओळ लिहायची राहिली होती. ती नसली की तो तेच आकडे त्याच क्रमाने देतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून हे दाखवलं, त्यांच्यासमोर ओळ घातली आणि बटण भाभींच्या हातात दिलं. त्यांनी आधी बोर्ड उलटा करून बघितला. जागा तळमजल्यावरच्या काकांना गेली.

आई म्हणाली, "खरं बोललीस, बरं केलंस." तिला पुढचं सांगितलं नाही. तुम्ही आता नाही आणि हा कागद कुठेच जायचा नाहीये, म्हणून तुम्हाला सांगतेय. मीटिंगच्या आधी बोर्ड चालतोय का बघताना पहिला आकडा तीन आलेला मी दोनदा पाहिला होता. चूक तेव्हा कळली नव्हती, शपथेवर सांगते. पण मग तीनच का घेतला, ते मला अजून सांगता येत नाही.