बायकोला नोकरी लागली आणि मी सिंगल झालो

गाला, मस्कत
फेब्रुवारी २०१६

ती. गिरिजाताईस,

धाकट्या प्रेमानंदचा सविनय जयभीम. तुझे गुडघे आता कसे आहेत? दाजींनी गोड सोडलं असं तू मागे फोनवर म्हणालीस, आणि मागून त्यांचा आवाज आला की सोडलं नाही, कमी केलंय. तर नक्की किती कमी केलंय ते कळव. अण्णांचा खोकला थांबला नसेल तर त्यांना डॉक्टरकडे ने. ('मस्कतहून प्रेमाने सांगितलंय' असं म्हण, म्हणजे जातील. तू रोज डोळ्यांसमोर असतेस, त्यामुळे तुझं ऐकत नाहीत.) आता तू म्हणशील, मोबाइल असताना कागद कशाला? अगं, इथे व्हॉट्सॅपवर मेसेज जातात पण कॉलला बंदी आहे, आणि मेसेज करावा तर तू तो कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकतेस आणि अकरा जण अंगठा दाखवतात. हे अंगठ्याचं काम नाही. माझ्या ऑफिसातला शिरीष सुट्टीवर परभणीला निघालाय, तो नांदेडला येऊन पत्र तुझ्या हातात देईल. त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

रचनाला इब्र्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटलेस. पुढे काय झालं ते मात्र मी घरी कोणालाच सांगितलं नाही. तुला माहीत आहे, ही फिजिक्सची एम.एस्सी., वर बी.एड., आणि लग्न होऊन इथे वादी अदाईच्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये आली ती तिथेच राहिली. शिकवायला वर्ग नव्हता म्हणून मला शिकवायची. कुकरची शिट्टी का होते, डोंगरावरून येणारी हवा संध्याकाळी गरम का असते, हे सगळं ऐकत मी वरणभात जेवलोय. (कळलं काहीच नाही. पण शिकवताना ती हातातला चमचा हवेत धरून थांबायची, ते बघायला बरं वाटायचं.) मस्कतमध्ये कुठे जमलं नाही, शेवटी दोन तासांवरच्या इब्र्याहून बोलावणं आलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी मी हलव्याचा मोठा डबा घेऊन गालाच्या ऑफिसात शिरलो आणि अर्बाबपासून, म्हणजे मालकापासून, ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना वाटला. आमचे एचआरचे रमण साहेब त्रिशूरचे, अतिशय गोड माणूस. त्यांनी दोनदा घेतला. नोकरी कुठे, कधीपासून, व्हिसा कोणाचा, अशी आपुलकीने चौकशी केली. मीही सगळं उत्साहाने सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रेमानंद साब, हलवा बहुत बढिया था."

"थँक्यू सर."

"लेकिन आपका फॅमिली अलाउन्स खलास."

ताई, आमच्या कंपनीचा नियम असा, की बायको नवऱ्याच्या व्हिसावर असेल, त्याच्याच जिवावर राहत असेल, तरच त्या माणसाला कुटुंब आहे असं मानतात. बायको स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर गेली की नवरा सिंगल. मग कुटुंबाचा भत्ता बंद, वादी अदाईचा फ्लॅट परत, वर्षाची विमानाची तिकिटं बंद, तृप्तीच्या फीचा वाटाही बंद. मी म्हटलं, सर, निदान मुलगी तरी माझी आहे. तर ते घाईघाईने म्हणाले, "है साब, उसमें कोई डाउट नहीं! पर स्टेटस सिंगल." माझं लग्न तुझ्यासमोर झालं गं. पंगत वाढली म्हणून तू स्वतः भरजरी साडीत पुऱ्या लाटायला बसली होतीस. ते सगळं रमण साहेबांनी एका सहीने पुसून टाकलं, आणि वर पाठीवर हात ठेवला.

घरी येऊन हिशेब केला. दोन पगार मिळून कुठे जात होतो, तर जिथे आधीच होतो तिथेच. फक्त राहायला घर उरलं नव्हतं. रचना म्हणाली, "मग मी नाही म्हणून कळवते त्यांना." असं म्हणत होती आणि पहिल्या दिवसासाठी काढलेल्या सुती साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होती. मी मोठ्या आवाजात म्हटलं, वेडी आहेस का, वर्ष काय, असं निघून जाईल! (मोठा आवाज मी केव्हा काढतो हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) तिकडे शिक्षकांच्या मुलांना फी माफ, म्हणून तृप्तीही आईबरोबर गेली. तिचं दप्तर मी गाडीत ठेवलं तेव्हा ते इतकं जड होतं, की घरातलं सगळं वजन त्यातूनच गेलं की काय असं वाटलं.

मी आता गालात, गॅरेजांच्या मागे कंपनीच्या बॅचलर खोलीत राहतो. शेजारच्या खाटेवर जयप्रकाश, बिहारचा. मी सिंगल कसा झालो हे ऐकल्यावर त्याने, घरात कोणी गेल्यावर देतात तसा, मला चहा आणून दिला. संध्याकाळी पत्रे ठोकण्याचे आवाज थांबले की मी रचनाला साधा फोन लावतो. ती वह्या तपासत असते, तृप्ती इंग्रजीत काहीतरी पाठ करत असते, आणि आमच्यात फार बोलणं होत नाही. कुकरची तिसरी शिट्टी ऐकू आली की मी इथून सांगतो, गॅस बंद कर. ती म्हणते, केला. झालं. ताई, एवढ्यासाठी मी दिवसभर थांबलेला असतो.

शुक्रवारी मी जातो. पण शाळेच्या बायकांच्या क्वार्टर्समध्ये पुरुषांना प्रवेश नाही. पहिल्या खेपेला तिथल्या सिराज वॉचमनला सांगितलं, मी हजबंड आहे. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, यहाँ जो भी आता है, हजबंड ही बोलता है." म्हणून आम्ही तिघं सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, चहाच्या टपरीवर भेटतो. टपरीवाल्याला वाटतं, माझं नुकतंच ठरतंय. एका शुक्रवारी तृप्तीने तिच्या अडखळत्या मराठीत विचारलं, "बाबा, तुम्ही आपले गेस्ट आहे का?" 'आहे का' नाही, 'आहात का' म्हणावं, एवढीच दुरुस्ती मी केली.

त्यानंतर मी ठरवलं, खलास, आता हिला नोकरी सोडायला सांगायचं. बुधवारी तिच्या शाळेला सुट्टी होती. मी रजा टाकली, न कळवता गेलो. कळलं की दोघी सूकमध्ये गेल्यात. मीही मोठ्या रुबाबात निघालो. आता मला काय ठाऊक, की इब्र्याला बुधवारी बायकांचा बाजार भरतो आणि त्यात पुरुषांनी पाऊल टाकायचं नसतं! मी आत दोन पावलं गेलो असेन, तेवढ्यात एका म्हाताऱ्या ओमानी बाईने हातातली कापडाची गुंडाळी उगारली. "यल्ला! यल्ला!" मी बाहेर आलो, आणि भिंतीशी उभं राहून, लाज सोडून, "रचना! अगं रचना!" अशा हाका मारू लागलो. (आत सगळ्या बायका हसत होत्या. भाषा कळली नाही तरी नवरा कळतो.)

शेवटी ती पिशवी आणि तृप्तीला घेऊन बाहेर आली आणि घाबरून म्हणाली, "काय झालं? अण्णा बरे आहेत ना?" मी पाठ केलेलं भाषण सुरू करणार, तोच आतून एक मुलगी आईला ओढत पळत आली. रचनाच्या वर्गातली, उजमा, आपल्या रत्नागिरीकडची. म्हणाली, "अम्मी, ह्याच त्या मिस. ह्यांच्यामुळे मला फिजिक्स समजायला लागलं." तिच्या आईने रचनाचे दोन्ही हात धरले. रचनाचा चेहरा, ताई, मी इतक्या वर्षांत तसा एकदाही पाहिला नव्हता, आणि मी तर रोज तिच्यासमोर बसून जेवत होतो. भाषण राहिलं. "सहज आलो होतो," एवढंच म्हणालो, आणि तिच्या पिशवीतला कोबी गाडीपर्यंत नेला.

तर तुला विनंती अशी. मला जमलं नाही, ते तू कर. रचना तुझा शब्द मोडत नाही. नोकरी सोड आणि नवऱ्याजवळ राहा, असं तिला तुझ्या पद्धतीने लिही. अण्णांना व दाजींना जयभीम. तब्येतीला जप.

तुझा,
प्रेमानंद

ता. क. वरची विनंती रद्द समज. रचनाला यातलं काहीही लिहू नकोस. तिला दोन सुती साड्या पाठव, फिक्या रंगाच्या. त्यांवर खडू दिसत नाही म्हणते.

ता. क. २. खरं काम आता सांगतो. इब्र्याला मुस्तफा म्हणून एक जण पाण्याचे पंप आणि वायरिंगची कामं घेतो. त्याच्याकडे मी पुढच्या महिन्यापासून लागतोय. रमण साहेबांनी ना-हरकत पत्र दिलं. (देताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण तेवढ्यावरून भत्ता पुन्हा सुरू होत नाही.) पगार बराच कमी आहे. आणि मी गावात राहायला आलो म्हणून शाळा रचनाची क्वार्टर काढून घेणार, कारण आता तिला नवरा आहे! दोन्हीकडून धुतले गेलो. अण्णा पारावर बसून 'माझा मुलगा मस्कतच्या कंपनीत मोठा साहेब' म्हणून सांगत असतात. त्यांना हे तू सांग. जेवण झाल्यावर, हळूहळू. मला ते जमायचं नाही.

ता. क. ३. भाड्याचं घर पाहून आलो. दोन खोल्या, टाकी गळकी, अंगणात खजुराचं एक वाकडं झाड. घरमालक म्हाताऱ्याने खुणेने विचारलं, राहणार किती जण? मी तीन बोटं दाखवली. तो मान हलवून किल्ली आणायला आत गेला, तरी माझा हात बराच वेळ तसाच वर होता.