जाऊबाईच्या खिडकीतलं नेट

६ मे, मंगळवार
माही गीतांजली अमरावतीची राजापेठेतली खोली सोडून तेल्हाऱ्याले आली. सोबत कंपनीचा कंप्युटर. घरून काम करा म्हणे, पण महिनाभर पाहू. नेट सारखं तुटलं तर काम बंद. म्हणजे पोरगी परत अमरावतीले, अन् मी दोन वर्षं आहो तशी एकटी.

आमच्याकडे नेट नाही. नवी लाइन पावसाळ्यानंतर. बोळीपलीकडे जाऊबाईकडे आहे, त्यांच्या पोरानं बसवून दिलं. पण विहिरीच्या मोटारीवरून दोन वर्षं आमचं बोलणं नाही.

७ मे
गीतानं तिच्या मोठाईले — म्हणजे जाऊबाईले — पासवर्ड मागितला. लगेच दिला. वरून पन्हं पाजलं. "तुझ्या आईले सांगू नको," म्हणे. हिनं आल्याबरोबर तेच सांगितलं.

कंपनीच्या कंप्युटरले वायरच लागते. वायर टाकावी तर बोळीतून भुसा-कुटाराच्या ट्रॉल्या जातात, एका दिवसात तोडतील. म्हणून गीता खोलीवरचा जुना वायफायचा डबा घेऊन बसली. "हा आता नेट वाटणार नाही आई, घेणार. मोठाईच्या डब्याकडून हवेतून घ्यायचं, अन् वायरीनं कंप्युटरले द्यायचं. मधला पूल समज."
मी म्हटलं, बोलणं कमी कर, पूल बांध.

८ मे
जमलं नाही. उलट जाऊबाईचंच नेट बंद पाडलं. फोन-कंप्युटरले नेटवरचे नंबर वाटायचं काम एकाच डब्यानं करायचं असते म्हणे, अन् इथं दोन्ही वाटून राहिले होते. आपल्याचं बंद करायचं ही विसरली.
जाऊबाई दारातून — "काय करून राहिली वं गीता? माह्या पोराचा फोन अर्ध्यातच कटला."
मले नाही म्हटलं. पण ऐकलं मी.

९ मे
चालू झालं. डब्याले वेगळा पत्ता दिला, त्याचं वाटणं बंद केलं, नाव-पासवर्ड समोरचंच. डबा आमच्या बोळीकडच्या खिडकीत ठेवला.

१२ मे
दुपारी एक वाजला की नेट जाते. चारले परत येते. तिसरा दिवस. साहेबाचा फोन आला, गीता नुसतं "हो सर, हो सर."
डबा तापत असन म्हणून मी त्याच्यावर ओलं फडकं टाकलं. "आई, तो काय माठ आहे?"

१३ मे
डबा गच्चीवर नेला. मग न्हाणीच्या भिंतीवर टांगला. एक वाजला, गेलं.

१४ मे
सापडलं. मी जेवून खिडकीत बसली होती. जाऊबाईनं चाकाचा कूलर ढकलत आणून त्यांच्या खिडकीत लावला, बादलीनं पाणी ओतलं. इकडे गीता म्हणे, "गेलं."
पत्र्याची पेटी, आत पाणी, ओलं गवत, अन् त्याच्यामागं त्यांचा डबा. त्यातून नेट काय येईन! डबा हलत नाही, तार टीचभर. त्यांच्या खोलीले दुसरी खिडकी नाही.
गीता म्हणे, मोठाईले मी सांगते. पंचेचाळीस डिगरीत म्हाताऱ्या बाईले कूलर काढा म्हणायचं, अन् तेही पोरीच्या तोंडून? मीच जाईन.

१५ मे
मी गेली. उभ्यानंच बोलली. "जाऊबाई, तुमच्या कूलरानं माह्या पोरीची नोकरी जाऊन राहिली."
"दोन वर्षांनी आली, ते कूलर काढा म्हणायले?"
"हो."
मोटारीचं मी काढलं नाही. त्यांनीही नाही. "पाहते," एवढंच. पाणीबी विचारलं नाही.
घरी येऊन गीताले म्हटलं, बॅग भरून ठेव.

१६ मे
एक वाजला. दीड वाजला. नेट आहे. समोरची खिडकी मोकळी.
जाऊबाई उशी काखेत घेऊन बोळ ओलांडून आल्या. आमचा कूलर मागच्या खिडकीत, त्याच्यासमोर मी पडली होती.
"पोरीचं काम होऊ दे. पण मी काय भाजून मरू? सरक, चंदा."
सरकली.