निळ्या सॅकमधली फाईल

अप्पा,

आज दुपारी मी एका बाईला तुमची गोष्ट सांगितली. तशी ती मी कितीतरी जणांना सांगत आले आहे, पण आज सांगून झाल्यावर पुढच्या माणसाला 'बसा' म्हणायचंही सुचलं नाही. तुम्हाला माती देऊन नऊ वर्षं होतील. मी आता नांदेडला एका दवाखान्यात काम करते. कॅन्सरच्या ओपीडीबाहेर एक टेबल आहे, त्यामागे बसते. लोक फाईल आणतात, मी कागद तारखेप्रमाणे लावते, कोणती तपासणी झाली, कोणती राहिली, उपचाराच्या सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा ते सांगते. नोकरी लागली तेव्हा मला वाटायचं, नीट समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. अजूनही वाटतं. फक्त नीट समजावून सांगायला अंगात जीव लागतो आणि माझा तो दुपारी दोनपर्यंत संपलेला असतो.

आजची बाई मुखेडकडची. नवरा मागच्या बाकावर गळ्याला मफलर गुंडाळून बसलेला, त्याचा आवाज फुटत नव्हता. बोलायचं काम बाईचं. काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. मी विचारलं, "मावशी, आधी कुठं दाखवलंय का?" म्हणाली, "न्हाई." "घशातला तुकडा काढून तपासलाय?" "न्हाई म्हणलं की. थेट हितंच आलाव." आणि पिशवी काखेत आणखी वर सरकली. अप्पा, त्या पिशवीत काय आहे ते मला ती न उघडताच दिसत होतं.

तुम्ही लातूरच्या आडत बाजारात सौदे करायचात. तुमच्या तरुणपणी तिथे भाव ओरडून होत नसत. आडत्या आणि खरीददार हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. शेजारी उभ्या माणसाला काही कळायचं नाही, आणि एका खरीददाराचा भाव दुसऱ्याला सांगायचा नाही, हा तिथला धर्म. मला कळू लागेपर्यंत उघडे लिलाव सुरू झाले होते. तुम्ही कपाळाला विभूती लावून सकाळी घराबाहेर पडायचात आणि पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून भाव पुकारायचात. तोंडात तंबाखूची गोळी, समोर तुरीची धूळ, आणि तरी तुमचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. शाळेतून येताना मी आवाजावरूनच ओळखायची की आज तुम्ही कुठल्या दुकानापुढे आहात. पण तुमचा हात मात्र त्या जुन्या रुमालातच घडलेला होता.

मी सात वर्षांची आहे. आई भाकरी थापतेय. तुम्ही ताटावर बसता, मांडीवर रुमाल पसरता आणि म्हणता, "ये माय, सौदा करू." मी रुमालाखाली हात घालते. तुम्ही माझी तीन बोटं धरता. म्हणजे आज तीन भाकरी. आई विचारते, "किती टाकू वो?" आणि मी आनंदानं ओरडते, "तीन!" तुम्ही झटक्यानं हात काढून घेता. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशीचा तुमचा चेहरा मला अजून दिसतो. "रुमालातलं भाईर सांगायचं न्हाई. आज भाकर हाय म्हणून चाललं. बाजारात सांगितलंस तर कुणी दारात उभं करणार न्हाई." मी रडायला लागले. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "भाकरीचा बी सौदा करा आता बाप-लेकीनं. गार व्हायल्यात हिकडं." त्यानंतर मी रुमालातलं बाहेर सांगितलं नाही. आईला रोज कोड्यात टाकण्यात आम्हा दोघांना काय मजा यायची!

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी.ला प्रवेश झाला त्या दिवशी तुम्ही मला गंजगोलाईच्या बाजारात नेलंत आणि निळी सॅक घेतलीत. घेण्याआधी दुकानातल्याच तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलंत, आत जातं का बघायला. दुकानदार भडकला. "मामा, बॅग घ्यायलाव का तिला न्हाऊ घालायलाव?" तुम्ही शांतपणे आत हात घालून बघितलंत, कोरडं होतं. "पोरीची पुस्तकं हायत ह्याच्यात," तुम्ही म्हणालात, "माझा डबा न्हाई." ती सॅक अजून माझ्याकडे आहे. चेन बिघडलीय, पाणी अजून जात नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा तुमचा आवाज बसला. आधी धुळीनं, मग थंडीनं, मग 'जरा जास्त ओरडलो' म्हणून. अडीच महिने झाले तेव्हा आई हट्टाला पेटली. लातूरच्या घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं बघितलं, तुकडा काढला, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट पुढ्यात ठेवून सरळ सांगितलं, कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय. आता शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला तर बरा होऊ शकतो, आवाजही राहू शकतो. डॉक्टर स्वतःच म्हणाले, "मन खात असेल तर दुसरीकडं दाखवा. राग नाही मला. फक्त ही फाईल घेऊन जा आणि उशीर करू नका." त्या संध्याकाळी तुम्ही मला तो इंग्रजी रिपोर्ट दोनदा वाचायला लावलात. दुसऱ्यांदा वाचताना मी हळू वाचलं. हळू वाचल्यानं अर्थ बदलेल असं आपल्या दोघांनाही वाटलं असावं.

नांदेडच्या गाडीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. लोह्याला गाडी थांबली, चहा झाला, आणि परत जागेवर बसताना तुम्ही त्या खरखरीत आवाजात म्हणालात, "माय, फाईल पार खाली घाल."

"का?"

"एकाचा भाव दुसऱ्याला कळला की दुसरा सोताच्या मनानं बोलत न्हाई. एखादं बोट वर-खाली करतो, बास. त्याला कोऱ्या मनानं बघू दे."

"अप्पा, घसा हाय हा. तूर न्हाई."

तुम्ही हसलात. हसताना खोकला आला. "तूर असती तर मीच पारखली असती की गं. तुझ्या डॉक्टरला कशाला इचारलं असतं?"

मी फाईल सॅकच्या तळाशी घातली, वर डबा ठेवला, डब्यावर टॉवेल. तुमचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नव्हतं, हे लिहायला हवं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की तपासणाऱ्याला उत्तर आधी कळू देऊ नये. मला वाटलं, अप्पा शाळा न शिकता तेच सांगतायत. मला तुमचा अभिमानसुद्धा वाटला.

नांदेडचे डॉक्टर भले होते. त्यांनी तुम्हाला खुर्चीत बसवलं, जीभ धरून आत आरसा घातला, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "याआधी कुठं दाखवलंत?" तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब. थेट तुमच्याकडंच." त्यांना काहीतरी खटकलं असणार, कारण ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही शिकताय ना? काही तपासणी झालीय? तुकडा वगैरे काढलाय?" सॅक माझ्या मांडीवर होती आणि तुमचा हात माझ्या हातावर. तुम्ही माझा हात दाबलात. मी म्हणाले, "नाही."

ते म्हणाले, आत सूज दिसते, एक लहान जखमही आहे. पंधरा दिवस औषधं घ्या, बोलणं बंद, तंबाखू बंद. फरक पडला नाही तर तुकडा काढून तपासावाच लागेल, तेव्हा पंधरा दिवसांनी या म्हणजे याच. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "ऐकलंस? सूज." पुढचं तुम्ही ऐकलंच नव्हतं. मी सगळं ऐकलं होतं. ती जखम लातूरला तुकडा काढल्याची असणार, हे मला परतीच्या गाडीत, लोह्याच्या अलीकडेच कळून चुकलं. तरी तुम्हाला सांगितलं नाही. त्या रात्री आईनं किती दिवसांनी गोड केलं होतं.

पंधरा दिवस तुम्ही खरंच बोलला नाहीत. बाजारात सगळे तुम्हाला मौनीबाबा म्हणायचे आणि तुम्ही हात जोडून आशीर्वाद द्यायचात. आवाज थोडा सुधारला. मग नांदेडला जायचं पुढे पुढे गेलं, सोयाबीनची आवक सुरू झाली, आणि चार महिन्यांनी मानेला गाठ आली. लातूरच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "चार महिने कुठं होतात?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. आता नुसत्या शेकानं भागणार नव्हतं. ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पडलं, आणि ज्या आवाजावरून मी तुम्हाला शोधायची तो गेला.

वॉर्डात सकाळी सिस्टर यायच्या. एक ते दहामध्ये किती दुखतंय, बोटांनी दाखवा. आई उशाशी बसलेली. तुम्ही तीन बोटं वर करायचात. आणि रुमालाखाली माझा हात धरून आधी सगळा पंजा दाबायचात, मग तीन बोटं. उघड्यावर तीन, रुमालाखाली आठ. आईचा जीव त्या तीनावर होता. पाच दिवस मी रुमालातलं बाहेर सांगितलं नाही. सहाव्या दिवशी सिस्टरच्या मागे व्हरांड्यात गेले आणि म्हणाले, "आठ आहे. रोज आठच असतं." औषध वाढलं. तुम्हाला कळलं, आणि दुपारभर तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. मग झोप लागली, कितीतरी दिवसांनी. मी उशाशी बसून तुमची बोटं बघत राहिले. ती झोपेत सैल पडली होती.

तुम्ही गेल्यावर मी पदवी पूर्ण केली, पुढे समाजकार्य शिकले आणि या टेबलामागे येऊन बसले. इथे दर आठवड्याला कुणीतरी पिशवी लपवून येतं. पहिल्या डॉक्टरला वाईट वाटेल म्हणून, किंवा दुसऱ्याची परीक्षा घ्यायची म्हणून. मी सांगते, दुसरं मत घ्यावं, जरूर घ्यावं, तो तुमचा हक्क आहे. पण पहिले कागद पुढ्यात ठेवून घ्यावं. काढलेला तुकडासुद्धा लॅबमध्ये मागून आणता येतो, इथे पुन्हा तपासता येतो. हे सगळं मी नीट सांगते आणि लोक मान हलवतात आणि पिशवी उघडत नाहीत. आज ती बाई म्हणाली, "तुमच्या घरी झालं हाय का कुणाला? मंग? तुमचं काय जातंय बोलायला, बाई." तेव्हा मी तुमची गोष्ट काढली. माझ्या अप्पांनी फाईल लपवायला लावली. डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगणारच होते, पण अप्पांनी हात दाबला. बाई ऐकत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं, पिशवी मांडीवर घेतली आणि गाठ सोडली. "बघा मग, तुमीच बघा," म्हणाली. लॅबचा रिपोर्ट होता. अठरा दिवसांपूर्वीचा. उशीर झालेला नाही, अप्पा. त्यांना मी आतच नेऊन सोडलं.

ओपीडी संपली. झाडणारी बाई खुर्च्या उलट्या करून ठेवतेय आणि मी योजनेच्या अर्जांच्या कोऱ्या बाजूवर हे लिहितेय. हे कुठे पाठवायचं नाही. निळ्या सॅकच्या तळाशी तुमची फाईल आहे, तिच्यात लातूरच्या त्या रिपोर्टमागे ठेवीन.

पण वर एक ओळ लिहिलीय, ती खोटी आहे. गोष्ट इतक्यांदा सांगितली की हात आपोआप तेच लिहून गेला. तुम्ही माझा हात दाबला नव्हता. डॉक्टर माझ्याकडे वळले तेव्हा तुम्हीही माझ्याकडे वळलात. तुमचा हात माझ्या हातावर होता आणि तुम्ही एकही बोट हलवलं नाही. तुम्ही वाट बघत होतात. शिकलेली मी होते, रिपोर्ट दोनदा मी वाचला होता, आणि तो सौदा तुम्ही माझ्यावर सोडला होता. मी 'नाही' म्हणाले, कारण सूज हा शब्द मलाच ऐकायचा होता.

उद्या कुणी पिशवी काखेत धरून आलं, तर आधी खरं घडलं तसं सांगून बघणार आहे. तरीही पिशवी उघडली नाही, तर पुन्हा तुम्हीच हात दाबला म्हणून सांगेन.