विसाव्या हिश्शाचा नियम

४ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीचे पाहुणे गेले. भाड्याने देतो त्या वरच्या खोल्या झाडून झाल्या, चादरी वाळत. दुपारी चहानंतर तासभर फोनवर पोकर. हातात दोन एक्के आले. असे पत्ते रोज येत नाहीत, म्हणून मान राखून रेज केलं, म्हणजे बोली वाढवली. टेबलावरच्या सगळ्यांनी पत्ते टाकून डाव सोडला. मिळकत तीन रुपये.

हे पेपराआडून म्हणाले, "तू पैसे लावलेस की वर्गात बाई आल्यासारखं वाटत असणार त्यांना. सगळे बाकाखाली."

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी गणिताच्या बाईंचा धाक इंटरनेटवरून पोचतो, हे ऐकून बरं वाटलं. पण धाकावर पोट भरत नाही. दसऱ्याला दहा हजार घालून सुरू केलं होतं, आता नऊ हजार चारशे.

ह्यांच्याशी केलेला करार लक्षात आहे. रक्कम पाच हजारांच्या खाली गेली की ॲप काढून टाकायचं आणि ज्येष्ठ नागरिक संघाचं चिटणीसपद घ्यायचं. हे तिथले अध्यक्ष. दोन वर्षं चिटणीस शोधताहेत. शहाणं माणूस तयार होत नाही. वाढदिवसांची पत्रं, सहलीची बस, गुडघ्यांवरची व्याख्यानं. नको.

म्हणून नियम: एका टेबलावर एकूण रकमेच्या विसाव्या हिश्शाहून जास्त घेऊन बसायचं नाही. म्हणून सध्या दोनशेचं टेबल. पाचशेचं परवडत नाही. मन म्हणतं, परवडतं. मनाला कोण विचारतंय.

९ नोव्हेंबर, शनिवार
वर मुंबईची पार्टी. त्यांचं जेवण आटोपून अर्धा तास बसले आणि डोळे उघडले. शनिवारचं टेबल वेगळंच. कोणी पत्ते टाकतच नाही. हातात काही असो नसो, पैसे भरून पुढचं पान बघायचंच.

ही माणसं मी रोज बघते की! भाजे लेण्यांच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडून येतात, पण पायथ्याशी मागितली ती किंमत देऊन भजी खातात. पाहायला आलेत, पाहणारच. त्यांना घाबरवून उपयोग नाही. चांगला हात आला की पूर्ण भाव सांगायचा. शनिवारी खोलीचा भाव मी कधी कमी सांगते का?

एका बैठकीत चारशे वर.

१० नोव्हेंबर, रवि.
राजांची जोडी हातात आणि गॅसवर पिठलं. खोल्या आवरायला येणारी सुलाबाई ओरडत आली, "बाई, पिठलं लागलं! तुमी काय बगताय त्या फोनात?"
"थांब, पैसे येताहेत."
"येऊद्या पैसं. पावन्यास्नी काय घालायचं, पैसं?"

तेच घातलं. पाहुणे म्हणाले, काय धुरकट चव आहे, चुलीवरचं का? सुलाबाई पदर तोंडात धरून मागल्या दारी गेली.

१७ नोव्हें., रवि.
दहा हजार शंभर. विसावा हिस्सा पाचशे पाच. नियमाने वर चढले, पाचशेच्या टेबलावर. ह्यांना आकडा दाखवला. "अभिनंदन," म्हणाले, चेहरा मात्र पडलेला.

१९ नोव्हें., मंगळ.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

'मटणभाकर' नावाचा एकजण. शनिवारी ओळख झाली होती. बडबड्या, काहीही घेऊन पुढे येणारा. मी त्याच्या नावापुढे 'पाहुणा' अशी खूण केलेली. आज तो समोर. मला राजांची जोडी. पूर्ण भाव सांगितला, त्याने दिला. पुन्हा सांगितला, दिला. शेवटी पाचशेच्या पाचशे मध्ये. त्याने तीन छक्क्या दाखवल्या आणि सगळे घेऊन गेला.

शनिवारचा पाहुणा मंगळवारी दुपारी दिसतो, म्हणजे तो पाहुणा नव्हे, गाववाला. लोणावळ्यात जन्म काढून हे मला कळू नये!

मग तो हजाराच्या टेबलावर गेला. मीही त्याच्या मागे गेले. चार वेळा बसले. नियम वगैरे काही आठवलं नाही.

पाच हजार सहाशे.

२३ नोव्हें., शनि.
ह्यांनी माझ्यासाठी बिल्ला करून आणला. पांढऱ्यावर निळं, 'चिटणीस'. पिनसकट.
"आधी हरू तरी द्या."
"दुकानदार म्हणाला, दोन घेतले तर स्वस्त पडतात. एक हरवला तर असावा."

२६ नोव्हें., मंगळ.
भाजी निवडताना लक्षात आलं, आणि गवार तशीच ठेवून उठले. पाच हजारांखाली जायचंच नव्हतं. म्हणजे ते पाच हजार माझ्या खेळातले नव्हतेच. माझं भांडवल पहिल्या दिवसापासून दहा नव्हतं, पाच होतं. विसावा हिस्सा अडीचशे, आणि मी पाचशेच्या टेबलावर बसून नियमाच्या गोष्टी सांगत होते. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.! वर्गातल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर वही भिरकावली असती.

आता भांडवल सहाशे. विसावा हिस्सा तीस. सर्वांत खालचं टेबल पन्नासचं. म्हणजे नियमाने मला कुठेच बसता येत नाही.

ह्यांना सांगितलं. हसून ठसका लागला.
"म्हणजे हरलीस."
"हरले कुठे? सहाशे शिल्लक आहेत."
"मग खेळ."
"नियमात बसत नाही."
"न खेळता किती दिवस काढणार?"
"करारात मुदत कुठे घातलीत? अध्यक्षांनी करार नीट वाचावेत."

२९ नोव्हें., शुक्र.
खेळले नाही. टाकी धुतली, फडताळं आवरली, सुलाबाईने पुसलेल्या खिडक्या पुन्हा पुसल्या.
सुलाबाई : "बाई, त्यो फोन घ्या बरं हातात. तुमी सकाळधरनं माज्या मागं लागलाय नुसतं."

जिंकले नाही, हरले नाही, आणि कंटाळून गेले. हे काही खरं नव्हे.

१ डिसें., रवि.
सापडलं. रविवारी दुपारी एक फुकट स्पर्धा असते. आपले पैसे घालायचेच नाहीत; सगळ्यांना सारख्या खोट्या चकत्या मिळतात, त्या संपल्या की बाद. पहिल्या तिघांना प्रत्येकी पाचशे रुपये. ते मिळाले तर भांडवल अकराशे, विसावा हिस्सा पंचावन्न. पन्नासच्या टेबलावर हक्काने बसता येईल.

पाहुणे जेवून गेले तशी बसले. फुकट म्हटल्यावर लोक पहिल्याच फेरीत सगळं उधळतात. गप्प बसले. शेकडो पडले. आता अकरा उरलेत. पाच मिनिटांची सुटी, म्हणून लिहितेय.

हे मघापासून खुर्ची ओढून शेजारी. "आणखी गप्प बस. बाकीचे आपोआप पडतील."
"माझ्याकडे सगळ्यांत कमी चकत्या आहेत. गप्प बसले तर आधी मीच पडेन."
"मग?"
"हातात काही नसताना रेज."
चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तू?"

साडेपाचला संघाची बैठक. म्हटलं, उशीर होईल. "होऊ दे," म्हणाले. "तू खेळ."

सुटी संपली. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. ह्याहून भिकार पत्ते खेळात नाहीत. होतं ते सगळं लावलं. दोघांनी लगेच टाकले.

तिसरा विचार करतोय; त्यानेही टाकले तर डाव माझा. हे श्वास घेत नाहीयेत.