बाबांचं उत्तर

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय छोटी,

प्रभूच्या नावाने तुला आशीर्वाद. मी बरी आहे, तूही बरी असशील. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण शिलाई मशीन अजून माझं ऐकतं. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, साठ सदरे. बाबांची खोली धुऊन काढली. त्यांचा रंधा आणि पटाशी शेजारच्या सुताराला दिली. तो म्हणाला, "तुझ्या वडिलांसारखा हात आता कुणाचा राहिला नाही."

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. पुढच्या महिन्यात तू कायमची व्रतं घेणार, हे फादरांनी रविवारी वेदीवरून सांगितलं. मिस्सा संपल्यावर बायका माझा हात धरून म्हणत होत्या, "केवढं भाग्य तुमच्या घराचं." मी हसत राहिले. गाल दुखेपर्यंत.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. तू कॉन्व्हेंटमध्ये गेलीस तेव्हाही झाला नव्हता. अर्ज आधी मी भरला होता, तुला आठवत असेल. बॅगही भरली होती. मग बाबांची नजर गेली आणि कॉन्व्हेंटच्या मदर म्हणाल्या, "मुली, तुझी सेवा घरीच आहे." मी मान डोलावली. दोन वर्षांनी तू निघालीस, तेव्हा तुझा झगा मीच शिवला. लोक म्हणाले, धाकटीने आयुष्य देवाला वाहिलं. मी बाबांना अंघोळ घालायचे, त्यांची नखं कापायचे, चादरी धुवायचे. त्याला कुणी वाहणं म्हटलं नाही. त्याला घरकाम म्हणतात.

बाबांच्या अंत्यविधीला फादर दहा मिनिटं तुझ्याबद्दल बोलले. या बापाने आपली लेक देवाला दिली, असं म्हणाले. आणि शेवटी, "चहाची व्यवस्था थोरल्या मुलीने केली आहे." तू शेजारी होतीस. तू माझा हात हळूच दाबलास. मला तो झटकून टाकावासा वाटला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मध्ये दोनदा उठून सदऱ्यांना बटणांची काजं करून आले.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं होतं. रुग्णालयातलं काम झेपत नाही, प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलं होतंस. आणि खाली, 'बाबा, मी परत येऊ का?' तुझी पत्रं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या दिवशी तुझ्या तब्येतीपर्यंत वाचलं आणि थांबले.

"एवढंच?" बाबांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

उत्तर तुला पाठ आहे. 'देवाला वाहिलेलं परत मागायचं नसतं, बाळ. तिथेच राहा.' या ओळीला धरून मी तगले आणि तिच्याच जोरावर व्रतं घेते आहे, असं तू आता लिहिलं आहेस.

छोटी, ती ओळ बाबांची नाही. माझी आहे. त्यांची पत्रं नेहमी माझ्याच अक्षरात यायची, तुला संशय यायचं कारण नव्हतं. खालची वेडीवाकडी सहीही मीच ओढली. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून केलं, असं मी परवा कन्फेशनमध्ये सांगितलं. फादर म्हणाले, "आणि खरं कारण?"

खरं कारण असं, की पिकतं तिथे विकत नाही. तू परत आली असतीस तर त्यांनी दिवसभर तुलाच हाका मारल्या असत्या. आणि लिहिताना, तुलाही देव ऐकू येत नाही, याचा मला आनंद झाला होता. इतका मत्सर माझ्यात आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

शेवटच्या आठवड्यात बाबा आपणहून म्हणाले, "छोटी कधी परत यायचं म्हणाली, तर कारण विचारू नकोस. दार उघड." थोड्या वेळाने म्हणाले, "तुला तर मी जाऊच दिलं नाही. मला माफ कर." दुसरं वाक्य मी दोन महिने उराशी धरून बसले. पहिलं तुझ्यापर्यंत पोचवलं नाही. ते आज पोचवते.

फादर म्हणाले, तिला कळव, पुढचं तुझ्या हातात नाही. त्याचीच तर भीती वाटते. आजवर देवाने माझ्याकडून जे घेतलं ते काढून घेतलं, मी दिलं नव्हतं. हे पत्र मात्र स्वतःहून देते आहे. तू व्रतं घे किंवा घरी ये, माझ्याशी बोल किंवा आयुष्यभर बोलू नकोस. ते मी त्याच्यावर सोडते. सोडवत नाही, तरी सोडते.

पाच वाजता पोस्ट बंद होतं, म्हणून पुरे करते. तुझा हेवा अजून गेलेला नाही. तो जायची वाट पाहिली तर तोवर तुझा व्रतांचा दिवस उलटून जाईल, म्हणून आहे तशीच निघते.

तुझी,
ताई