मोकळी खुर्ची

ती. सौ. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या कागदावरच.) तुझी पाठ, भाऊजींचा खोकला आणि तुमचं दोघांचं भांडण, सगळं नेहमीसारखं चालू असेलच.

तर यंदा आम्हा मुख्याध्यापकांना वरून हुकूम आला, की स्वतःच्याच कामावर कृतिसंशोधन करा. म्हणजे आपली एक खोड शोधायची, उपाय करायचा आणि फरक पडतो का ते बघायचं. शिक्षकांना विचारलं, तर झाडून सगळ्यांनी एकच सांगितलं: मॅडम बोलूच देत नाहीत. (हा गुण माहेरचा. कुणाकडून आला, ते मी लिहीत नाही.) उपाय मी असा काढला, की माझी खुर्ची मोकळी ठेवायची, आपण कपाटाशेजारी स्टुलावर तोंड मिटून बसायचं, आणि येणाऱ्यानं खुर्चीकडे बघून बोलायचं.

आधी लोक हसले, मग रुळले. गणिताच्या बाई रजा मागायला आल्या आणि घरचं सगळं सांगून रडल्या. मधेच थांबून त्यांनी मान डोलावली, "हो मॅडम, तसंच करते" म्हणाल्या आणि हलक्या होऊन गेल्या. मी तोंडातून ब्र काढला नव्हता! हेडक्लार्क कागदही खुर्चीपुढेच ठेवू लागले. उचलतात तेव्हा खाली सही असते, माझ्याच वळणाची, फक्त जरा सुबक. सकाळी कुलूप काढून आत जावं, तर गादी कोमट लागते. तक्रारी मात्र पार थांबल्या. उपाय लागू पडला म्हणायचा, पण ताई, मला फार भीती वाटते गं.

काल हिय्या करून खुर्चीत बसायला गेले, तर शिपाईमामा धावत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो बाई, तिथं काय बसताय? मॅडम आहेत ना!" मग त्यांनी मला स्टूल पुसून दिलं.

तुझी,
धाकटी

ता. क. चार दिवस इकडे येच. उभ्या जन्मात तू समोरच्याला वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. तुझ्यापुढे तिचा निभाव लागायचा नाही.

आणखी एक. पत्र आता घरच्या पत्त्यावर घाल. मागचं तू शाळेच्या पत्त्यावर घातलंस, ते माझ्या हाती आलंच नाही. भाऊजी फोनवर म्हणाले, की उत्तर वाचून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तू म्हणालीस, धाकटीनं आज पहिल्यांदा माझं ऐकून घेतलं.

काय लिहिलं होतं गं तिनं?